एकाचा निकाल लागला, दुसऱ्याचा बाकी : मधल्या काळात बातमी रोखून धरणं योग्य आहे का?

आर्या_हडर्सफील्ड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडते आहे. वकील, पत्रकार किंवा ज्युरीवर बसून आलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

आमच्या गावात, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डमध्ये, अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण करणाऱ्या टोळीवर 2018 मध्ये लीड्सच्या क्राउन कोर्टात खटले चालले. आरोपी इतके, की सगळ्यांना एकदम पिंजऱ्यात उभं करून एकच खटला चालवणं शक्य नव्हतं. म्हणून तीन गट पाडले. तीन खटले, एकामागून एक, प्रत्येकाला वेगळी ज्युरी. आणि न्यायाधीशांचा आदेश असा, की शेवटचा खटला संपेपर्यंत एकाचीही बातमी द्यायची नाही. पहिल्या गटातली माणसं दोषी ठरली, गावाला पत्ता नाही. दुसऱ्या गटातली ठरली, तरी पत्ता नाही. 19 ऑक्टोबर 2018 ला बंदी उठली आणि 20 जणांची नावं, फोटो, बहुतेकांच्या शिक्षा, सगळं एकाच दिवशी गावावर कोसळलं.

माझं मत आधीच सांगते : आदेश बरोबर होता. तिसऱ्या गटातल्या माणसाचा निवाडा त्याच्याविरुद्धच्या पुराव्यावरच व्हायला हवा. त्याच गावातले, त्याच काळातले आरोपी आधीच दोषी ठरल्याचं वाचून आलेली ज्युरी त्याच्याकडे कोऱ्या मनाने बघू शकली नसती.

पण शेजारच्या बाईंना मी हे समजावू शकले नाही. त्यांच्या दोन मुली त्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "कोर्टाला माहीत होतं, पोलिसांना माहीत होतं, पत्रकारांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला, ज्यांच्या मुली त्या रस्त्यांवरून शाळेत जातात त्यांना." याला मी काय उत्तर द्यावं? सहआरोपीच्या हक्कासाठी गावाने किती काळ अंधारात राहायचं?

पुणेरीकाटा

अजिबात राहू नये. खटला लोकांच्या नावाने चालतो, न्यायाधीशांचा पगार लोकांच्या पैशातून जातो, आणि निकाल लोकांपासून लपवायचा? दोषी ठरलेल्या माणसाचं नाव छापलं तर दुसऱ्याचं काय बिघडतं? त्याच्याविरुद्ध पुरावा नसेल तर तो सुटेल.

झुळूक

वाचते आहे. चांगला विषय.

अवधूत_विधी

काटासाहेब, "दुसऱ्याचं काय बिघडतं" याचं उत्तर आरोपाच्या स्वरूपात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (मुंबईत फौजदारी वकिली करतो, इंग्लंडचा कायदा अभ्यासापुरता वाचलेला आहे.)

समजा, अ आणि ब या दोघांवर संगनमताने फसवणूक केल्याचा आरोप आहे. अ पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो. ब म्हणतो, मी यात नव्हतोच. आता पेपरात ठळक मथळा आला, "अ ने ब बरोबर कट रचल्याची कबुली दिली". ज्युरीतल्या बारा सामान्य माणसांनी तो वाचला. संगनमत एकट्याने होत नाही. अ ने केलं म्हणजे ब होताच, हे त्यांच्या मनात पुरावा ऐकण्याआधीच पक्कं झालं. आणि अ ची तर उलटतपासणीसुद्धा झालेली नाही. शिक्षा कमी व्हावी म्हणून त्याने कबूल केलं असेल, वकिलाने सल्ला दिला असेल, ब वर खापर फोडायचं असेल. यातलं काहीही तपासायची संधी ब ला मिळालेली नाही.

इंग्लंडमध्ये 1984 च्या पोलिस आणि फौजदारी पुरावा कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अ ची दोषसिद्धी ब च्या खटल्यात पुरावा म्हणून आणता येते. पण त्याने खटल्याच्या निःपक्षपातीपणाला बाधा येईल असं वाटलं, तर कलम 78 खाली न्यायाधीश तो पुरावा बाहेर ठेवू शकतात. आता बघा, न्यायाधीशाने जे ज्युरीपुढे येऊ दिलं नाही, तेच सकाळच्या पेपरातून ज्युरीच्या हातात पडलं तर त्या निर्णयाला काय अर्थ उरला?

आर्याताईंच्या गावातला आदेश 1981 च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम 4(2) खालचा. त्या कलमात बातमी पुढे ढकलता येते, कायमची गाडता येत नाही. हा फरक फार मोठा आहे.

निशिगंधा_मेल

मेलबर्नहून लिहिते. अवधूत म्हणतात ते तत्त्व म्हणून मान्य आहे, पण प्रत्यक्षात काय होतं ते इथे आम्ही पाहिलंय.

डिसेंबर 2018. सकाळी ट्रामला जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात हेराल्ड सन हा इथला पेपर बघितला. अख्खं पहिलं पान काळं आणि त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरात एकच शब्द : सेन्सॉर्ड. खाली थोडक्यात मजकूर, की जगभर एक महत्त्वाची बातमी वाचली जात आहे, व्हिक्टोरियातल्या, म्हणजे आमच्या राज्यातल्या, लोकांसाठी ती महत्त्वाची आहे, पण आम्ही ती छापू शकत नाही. ट्राममध्ये बसेपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर परदेशी संकेतस्थळ उघडलेलं होतं. कॅथलिक चर्चचे कार्डिनल जॉर्ज पेल यांना ज्युरीने 11 डिसेंबरला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल दोषी ठरवलं होतं आणि दुसरा खटला बाकी असल्याने काउंटी कोर्टाने ऑस्ट्रेलियात ती बातमी द्यायला मनाई केली होती.

दुसरा खटला सरकारी पक्षाने सोडून दिला, तेव्हा 26 फेब्रुवारी 2019 ला बंदी उठली. आणि 2021 मध्ये बारा माध्यमसंस्थांना मिळून 11 लाख डॉलर दंड झाला. मग मला सांगा, त्या बंदीने कुणाचं संरक्षण झालं? बातमी सगळ्यांना कळलीच. फक्त ती इथल्या, कोर्टात रोज बसलेल्या, नीट तपासून लिहिणाऱ्या बातमीदाराकडून न कळता कुठून कुठून तुकड्यातुकड्यांनी कळली.

पुणेरीकाटा

हेच म्हणतोय मी! इंटरनेटच्या जमान्यात हे आदेश म्हणजे उघड्या खिडकीला कुलूप.

अवधूत_विधी

निशिगंधाताई, मुद्दा जोरदार आहे. एक फरक नोंदवतो. पेल प्रकरणात सहआरोपी नव्हता, एकाच आरोपीवरचे दोन खटले होते. तर्क मात्र तोच, की दुसऱ्या ज्युरीला पहिल्या ज्युरीचा निकाल कळू नये.

आणि पुढचंही ध्यानात घ्या. 7 एप्रिल 2020 रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या (तिथलं ते सर्वोच्च न्यायालय) सातही न्यायाधीशांनी एकमताने ती दोषसिद्धी रद्द केली. पेल यांच्याबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. पण विचार करा, दुसरा खटला चालला असता आणि त्यातल्या ज्युरीने पहिल्या निकालाच्या जोरावर दोषी ठरवलं असतं, तर पहिला निकाल पडल्यावर त्या दुसऱ्याचं काय करायचं? पायाच नाही आणि इमारत उभी.

निशिगंधा_मेल

हे पटण्यासारखं आहे. तरी व्हिक्टोरियात असे आदेश फार सहज दिले जातात, ही तक्रार कायम आहे. 2008 मध्ये इथल्या टोळीयुद्धावरची टीव्ही मालिका सगळ्या देशात दिसली, फक्त व्हिक्टोरियात नाही. कारण त्याच टोळीयुद्धातल्या एका खुनाचा खटला मेलबर्नमध्ये उभा राहायचा होता. न्यायमूर्ती बेटी किंग यांनी चॅनल नाइनला मनाई केली. ज्यांच्या गल्लीत गोळ्या चालल्या त्यांनीच ती बघायची नाही. आर्याच्या शेजारणीचं दुःख मला अगदी कळतं.

विनायक_रेडिंग

मी ज्युरीवर बसलो आहे. आत काय चर्चा झाली ते सांगायला कायद्याने बंदी आहे, खटल्याविषयीही काही लिहीत नाही. पण वातावरण सांगतो.

पहिल्या दिवशी न्यायाधीशांनी आमच्याकडे एकेक करून बघत सांगितलं : आरोपी, साक्षीदार, जागा, वकील, कशाविषयीही इंटरनेटवर शोधायचं नाही, घरी बोलायचं नाही. हेच लिहिलेला कागद प्रत्येकाला दिला, सोबत ठेवा म्हणून. शोधाशोध केली तर तो गुन्हा आहे आणि तुरुंगात जाल, हेही स्पष्ट सांगितलं. विचारविनिमयाला आत गेलो तेव्हा कोर्टाच्या माणसाने सगळ्यांचे फोन गोळा केले. एका गृहस्थाने घड्याळही काढून दिलं, कारण ते फोनला जोडलेलं होतं.

माझा अनुभव असा, की लोक हे फार मनापासून पाळतात. समोर एक माणूस बसलेला असतो, त्याचं आयुष्य आपल्या हातात आहे हे रोज दिसतं. शोधायचं नाही, हे पाळता येतं. पण स्टेशनवर फुकट वाटायच्या पेपरचा मथळा डोळ्यांवर आदळला तर तो परत कसा काढणार? म्हणून मला निशिगंधाचा "सगळ्यांना कळलंच" हा मुद्दा पुरता मान्य नाही. ज्याला शोधायचं त्याला कळलं. इमानदार ज्युरर शोधत नाही. आदेश त्याच्यासाठी असतो, त्याच्या नकळत त्याच्यापर्यंत काही पोचू नये म्हणून.

झुळूक

विनायकदादा, "नकळत पोचू नये" हे फार नेमकं. याआधी या बाजूने विचारच केला नव्हता.

रानवारा

आर्याताई, हा तोच खटला ना, ज्याच्या बाहेर एकाने फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं आणि तुरुंगात गेला?

आर्या_हडर्सफील्ड

हो, तोच. 25 मे 2018. स्टीफन यॅक्सली-लेनन, टॉमी रॉबिन्सन या नावाने ओळखला जाणारा इथला अतिउजवा कार्यकर्ता, लीड्सच्या कोर्टाबाहेर उभा राहून तासाभराहून जास्त वेळ आरोपींची नावं आणि आरोप वाचत होता, आत येणाऱ्या आरोपींसमोर कॅमेरा धरत होता. दुसऱ्या खटल्याची ज्युरी त्याच वेळी निकालाचा विचार करत बसली होती! काही तासांत अडीच लाख वेळा ते बघितलं गेलं.

याचा मला आजही संताप येतो. आरोपींच्या वकिलांनी लगेच मागणी केली, की ज्युरी बरखास्त करा. न्यायाधीशांनी ती फेटाळली म्हणून खटला वाचला. फेटाळली नसती तर? ज्या मुलींनी, आता बायका झालेल्या, सगळ्यांसमोर उभं राहून ते सगळं एकदा सांगितलं होतं, त्यांना ते नव्या ज्युरीपुढे पुन्हा सांगावं लागलं असतं. लोक म्हणतात हा आदेश आरोपींच्या सोयीचा. मी म्हणते, तो त्या मुलींच्याही सोयीचा होता. एकदा लागलेला निकाल टिकावा, अपिलात "ज्युरी दूषित होती" असं म्हणायला जागा राहू नये, हे सर्वात जास्त कुणाला हवं असेल?

पुणेरीकाटा

पण त्याला पाच तासांत तेरा महिने ठोठावले, तेही ठीक का?

अवधूत_विधी

नाही, आणि ते वरच्या कोर्टानेही म्हटलं. 1 ऑगस्ट 2018 ला अपील न्यायालयाने लीड्सचा तो आदेश रद्द केला, कारण घाईघाईत प्रक्रिया पाळली गेली नाही. प्रकरण नव्याने ऐकलं, आणि जुलै 2019 मध्ये दोन न्यायाधीशांनी अवमान सिद्ध धरून नऊ महिने दिले. खटला निःपक्षपाती हवा, हा नियम त्यालाही लागू झाला आणि तसाच व्हायला हवा.

आणखी एक. त्याच्या अटकेची बातमी द्यायलाही सुरुवातीला बंदी होती. तिथल्या पत्रकारांनी कोर्टात जाऊन आक्षेप घेतला आणि चार दिवसांत ती उठली. म्हणजे बंदीला आव्हान देता येतं आणि ते ऐकलं जातं.

दादरकर_सदानंद

तरुण मंडळींनो, हा विषय आपल्या मुंबईत फार आधी गाजून गेला आहे. माझ्या वडिलांच्या तोंडून लहानपणी ऐकलेला, पुढे निकालपत्र मिळवून वाचलेला.

'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे आर. के. करंजिया यांच्यावर कृष्णराज ठाकरसी यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. त्यात भाईचंद गोडा नावाचे साक्षीदार म्हणाले, माझी आधीची साक्ष पेपरात आल्यामुळे माझ्या धंद्याचं नुकसान झालं, आता पुन्हा छापू देऊ नका. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी तोंडी आदेश दिला, की ही साक्ष छापायची नाही. त्याविरुद्ध नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं. सरन्यायाधीश आपले गजेंद्रगडकर. 1966 मध्ये बहुमताने निकाल आला, की असा आदेश देण्याचा उच्च न्यायालयाला अंगभूत अधिकार आहे. एकटे हिदायतुल्ला ठामपणे विरोधात उभे राहिले.

मला स्वतःला हिदायतुल्लांची बाजू जवळची वाटते. साक्षीदाराच्या धंद्यासाठी न्यायालयाचं दार लोकांना बंद करणं आणि एखाद्याचं स्वातंत्र्य पणाला लागलंय म्हणून बातमी चार महिने थांबवणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आर्याबाईंच्या शेजारणीला पहिल्या प्रकारच्या बंदीविरुद्ध ओरडायचा पूर्ण हक्क आहे.

रानवारा

सदानंदकाका, करंजिया म्हणजे नानावटी खटल्यातले तेच ना? ब्लिट्झनेच नानावटीची बाजू उचलून धरली होती, आणि त्या खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली.

दादरकर_सदानंद

तेच करंजिया. 1959 साली ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे जन्मठेप झाली. पेपरांकडून ज्युरीचं मन कसं तयार केलं जातं याचं आपल्याकडचं हे सर्वात मोठं उदाहरण. पण ज्युरी त्या एका खटल्याने एका रात्रीत बंद झाली नाही. ती आधीपासूनच ठिकठिकाणी मोडीत निघत होती, त्यानंतरही काही काळ काही ठिकाणी चालली, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही.

पुणेरीकाटा

मग झालं तर! आपल्याकडे ज्युरी नाही. न्यायाधीश कायदा शिकलेला असतो, पेपर वाचून त्याचं डोकं फिरत नाही. म्हणजे भारतात तरी या आदेशांची काहीच गरज नाही. यावर तरी सगळे सहमत व्हा, माझ्या कुठल्याही मताला आजवर या संस्थळावर +1 मिळालेला नाही.

झुळूक

घ्या काटाकाका, +1 :)

मृण्मयी_वार्ताहर

काटासाहेबांना माझाही +1, आणि कारणही देते.

गरज नसताना मुंबईत असा आदेश निघालेला आहे. सोहराबुद्दीन चकमक खटला, 22 आरोपी. 29 नोव्हेंबर 2017 ला विशेष सीबीआय न्यायालयाने बचाव पक्षाच्या अर्जावरून सांगितलं, की पत्रकारांनी कोर्टात बसावं, पण कामकाज छापू नये, दाखवू नये. बसा, ऐका, लिहून घ्या आणि वही मिटून घरी जा! त्या खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर होत होते. लोकांनी बघायला हवं होतं ते नेमकं याच काळात.

बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्स आणि नऊ पत्रकार उच्च न्यायालयात गेले. 24 जानेवारी 2018 ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी आदेश रद्द केला. खालच्या न्यायालयाला असा सरसकट बंदीहुकूम काढायचा अधिकारच नाही, असं त्यांनी म्हटलं. पुढे डिसेंबर 2018 मध्ये सगळे 22 आरोपी सुटले. निकाल कुणाला पटो न पटो, तो कसा लागला हे निदान लोकांना दिसलं.

अवधूत_विधी

मृण्मयीताईंशी सहमत. थोडी भर. 2012 मध्ये सहारा विरुद्ध सेबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी, सरन्यायाधीश कापडिया यांच्या नेतृत्वाखाली, बातमी पुढे ढकलण्याचा आदेश आपल्याकडेही देता येतो असं ठरवलं. पण अटी कडक : धोका खरा आणि मोठा हवा, दुसरा कुठलाही उपाय पुरेसा नसावा, आणि बंदी थोड्या काळापुरतीच.

सहआरोपीबद्दल आपल्या कायद्याची सावधगिरी फार जुनी आहे. एका आरोपीचा कबुलीजबाब दुसऱ्याविरुद्ध विचारात घेता येतो, जुन्या पुरावा कायद्याचं कलम 30, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 24. पण 1952 च्या कश्मिरा सिंग निकालात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूरला मुख्य न्यायमूर्ती होते, क्रम घालून दिला : आधी तो कबुलीजबाब बाजूला ठेवा, उरलेल्या पुराव्यावर गुन्हा सिद्ध होतो का बघा, आणि मगच, हवं तर, त्याचा आधार घ्या.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? आर्थर रोडच्या विशेष न्यायालयात कसाबबरोबर आणखी दोघे भारतीय आरोपी बसले होते. त्या काळात मुंबईत कसाबच्या शेजारी बसलेल्या माणसाबद्दल कुणाला सहानुभूती असणार? आणि तरीही मे 2010 मध्ये न्यायाधीश ताहिलियानी यांनी कसाबला दोषी ठरवताना त्या दोघांना पुराव्याअभावी सोडलं. उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. त्यांच्यापैकी एकाची बाजू लढवणारे वकील शाहिद आझमी यांचा निकालाआधीच, फेब्रुवारी 2010 मध्ये, खून झाला होता. बारा सामान्य मुंबईकरांच्या ज्युरीने रोज ते पेपर वाचून हेच केलं असतं का? मला प्रामाणिकपणे वाटतं, नाही.

विनायक_रेडिंग

ही गोष्ट इथल्या माझ्या इंग्रज मित्रांना सांगायला हवी.

कीवी_कोल्हापुरी

उशिरा येतोय. न्यूझीलंडमध्ये 2018 ला ग्रेस मिलेन या ब्रिटिश तरुणीचा खून झाला. न्यायाधीशांनी आरोपीचं नाव गुप्त ठेवायला नकार दिला, पण वकिलाने अपील करतो म्हटल्यावर कायद्याने आपोआप 20 कामकाजाच्या दिवसांची गुप्तता मिळाली. ब्रिटिश पेपरांनी नाव छापलं, आणि गूगलने इथल्या लोकांना "आज काय शोधलं जातंय" अशी ईमेल पाठवली, तिच्या शीर्षकातच नाव! विनायक म्हणतात तेच : कुणी न शोधता पोचलं. दोषी ठरल्यावरही वर्षभर नाव गुप्त होतं, कारण त्याच्यावर इतर स्त्रियांच्या तक्रारींचे खटले बाकी होते. डिसेंबर 2020 ला उघड झालं, आणि तेव्हा लोकांना कळलं ही गुप्तता का होती. मला तो उशीर मान्य आहे. त्या इतर स्त्रियांचे खटलेही नीट पार पडायला हवेतच ना.

आर्या_हडर्सफील्ड

सगळ्यांचे आभार. सदानंदकाका आणि मृण्मयी, तुमच्यामुळे एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. कुणासाठी बंदी आणि किती दिवस, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवेत.

शोधताना मला इंग्लंडचंच 2001 चं प्रकरण सापडलं, नेमकं सहआरोपींचं. 1998 मध्ये ससेक्स पोलिसांनी रात्री घरात शिरून जेम्स ॲश्ली या निःशस्त्र माणसाला गोळी घातली. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खुनाचा खटला आधी, आणि छाप्याची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांवर वेगळा खटला नंतर. पहिल्याची बातमी दुसरा संपेपर्यंत रोखली. वर्तमानपत्रं अपिलात गेली आणि हरली, पण न्यायालयाने तीन पायऱ्या ठरवून दिल्या : बातमीने खरोखर धोका होईल का, बंदीने तो टळेल का आणि सौम्य उपाय नाही ना, आणि एवढं करूनही लोकांच्या जाणून घेण्याच्या हक्कापुढे ती बंदी आवश्यक ठरते का. पहिला पोलिस न्यायाधीशांच्या निर्देशावरून सुटला, दुसऱ्या खटल्यात सरकारी पक्षाने पुरावाच सादर केला नाही. म्हणजे ॲश्लीच्या घरच्यांना शेवटी काय मिळालं? हा प्रश्न मला छळतोय. बंदी कायद्याने बरोबर असूनही.

पुणेरीकाटा

आर्याताई, यासाठीच मी पहिल्यापासून भांडतोय. पोलिस आरोपी असतात तेव्हा तर एक दिवसही बातमी थांबू नये.

अवधूत_विधी

काटासाहेब, पोलिसही आरोपी असतो तेव्हा आरोपीच असतो. तुमचा मुद्दा मी मुदतीच्या बाबतीत मान्य करीन. दोन खटल्यांमध्ये वर्ष जाणार असेल तर बंदी मागणाऱ्याला आधी विचारायला हवं, की दुसरा खटला लवकर का लावत नाही?

निशिगंधा_मेल

मुदतीवरून : आमच्याकडच्या 2013 च्या ओपन कोर्ट्स कायद्यात आदेश किती काळ चालेल ते लिहिणं बंधनकारक आहे. "अमुक खटला संपेपर्यंत" असं लिहिलं आणि तो कधी संपेल याची खात्री नसली, तरी सोबत कमाल मुदत घालावी लागते, पाच वर्षांच्या आतली. पाच वर्षं मला फार वाटतात. आर्या, तुमच्याकडे आदेशावर तारीख असते का? आणि गावातल्या सामान्य माणसाला तो आदेश वाचायला मिळतो का?

आर्या_हडर्सफील्ड

आदेश कोर्टाच्या दारावर लावलेला असतो, आणि पुष्कळदा "तोपर्यंत" असाच असतो. वाचायला मिळतो म्हणजे कोर्टात गेलं तर. शेजारच्या बाईंना घेऊन एकदा लीड्सला जायचं ठरवलंय, पब्लिक गॅलरी सगळ्यांना खुली असते. बंदी छापण्यावर होती, आत जाऊन बसण्यावर नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मृण्मयी_वार्ताहर

जरूर जा. आणि जमलं तर तिथल्या स्थानिक बातमीदारांशी बोला. रोज कोण बसतं, किती जण उरलेत, हे विचारा. बंदी उठते त्या दिवशी ज्याच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे असा माणूस कोर्टात असायला हवा, नाहीतर उठूनही उपयोग नाही. त्यावर वेगळा धागा काढते.